उकव्याची खाण आणि विद्यापीठाचा वर्ग

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

श्रोतेहो, अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांविषयी कारखानदारांची एक तक्रार फार जुनी आहे. मुलगा हुशार आहे, त्याचे गणित पक्के आहे, परंतु प्रत्यक्ष कामासमोर उभा केला की त्याला काही सुचत नाही, असे ते म्हणतात. विद्यापीठांची तक्रारही तितकीच जुनी आहे. उद्योगधंद्यांना तयार माणूस हवा असतो, पण तो तयार करण्याच्या कष्टात त्यांचा वाटा नसतो, असे प्राध्यापक म्हणतात. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे आणि दोहोंवर मिळून एकच उपाय सुचविला जातो. उद्योगांत आयुष्य घालविलेल्या तज्ज्ञांनी विद्यापीठात यावे आणि शिकवावे, हा तो उपाय होय. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये या बाबतीत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि अशा अध्यापकाला 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' हे नाव दिले. आपण त्याला व्यवसायानुभवी प्राध्यापक म्हणू या.

या उपायाची चर्चा बहुधा मुंबई-पुण्याकडील मोठे कारखाने आणि संगणकाच्या कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून होते. मला मात्र आज ती बालाघाट जिल्ह्यातील उकव्याच्या खाणीकडे पाहून करावयाची आहे. कारखान्यात अननुभवाची किंमत बहुधा पैशांत मोजली जाते. भूमिगत खाणीत ती माणसांच्या जिवाने चुकवावी लागते. त्यामुळे अनुभवी माणसाने वर्गात नेमके काय शिकवावे, हा प्रश्न तिथे जितका लख्ख दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल.

उकवा आज मध्य प्रदेशात आहे. नागपूरहून निघालेला प्रवासी गोंदियाला आणि तिथून बालाघाटला पोहोचतो, आणि बालाघाटहून बैहरच्या रस्त्याने घाट चढून दाट जंगलातून उकव्याला जातो. घाटावरचा मुलूख म्हणूनच या जिल्ह्याला बालाघाट हे नाव पडले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा जिल्हा आणि नागपूर एकाच प्रांतात होते. पुढे राज्ये वेगळी झाली, परंतु जमिनीखालचा खडक तसाच राहिला. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांतून मँगनीजयुक्त खडकांचा एक पट्टा जातो. भूशास्त्रज्ञ त्याला पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या सौंसर या गावावरून सौंसर गट म्हणतात. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग, तिरोडी, भरवेली आणि उकवा ही सारी नावे या पट्ट्यावरील खाणींची आहेत.

या खाणींचा कारभारही दोन राज्यांना सांधणारा आहे. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटमधून पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी ही ब्रिटिश कंपनी निघाली. १९६२ मध्ये तिची मालमत्ता घेऊन मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. तिच्या भांडवलात केंद्र सरकारबरोबर महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन्ही सरकारांचा वाटा ठेवण्यात आला. १९७७ मध्ये ब्रिटिश कंपनीचा उरलेला हिस्साही विकत घेण्यात आला. २०१० पासून या कंपनीचे नाव मॉईल लिमिटेड असे असून तिचे मुख्य कार्यालय नागपुरात आहे. पोलाद करताना त्यातील प्राणवायू आणि गंधक यांचा उपद्रव नाहीसा करण्यासाठी मँगनीज लागते. डोंगरी बुजुर्गचे खनिज कोरड्या बॅटऱ्यांच्याही कामी येते. आपल्या घरातील पातेल्यापासून रेल्वेच्या रुळापर्यंत जिथे जिथे पोलाद आहे, तिथे या धातूचा अंश कुठून तरी आलेला असतोच.

आता खाणीत उतरू या. येथील खनिजाचे थर भूगर्भातील दाबाने घड्या पडून तिरपे झालेले आहेत आणि ते खोल उतरत जातात. त्यांचा पाठलाग करीत माणसाला खाली जावे लागते. मॉईलच्या भूमिगत खाणींत खनिजाचा एक आडवा काप काढावयाचा, रिकामी झालेली जागा वाळूने भरावयाची, त्या भरणीवर उभे राहून वरचा काप काढावयाचा, अशी पद्धत आहे. म्हणजे काम करणाऱ्याच्या पायाखाली त्याने स्वतःच भरलेली वाळू असते आणि डोक्यावर अजून न काढलेले खनिज असते. सुरुंग उडाल्यानंतर धूर निवळला की त्या छताखाली पहिल्याने जाणारा माणूस हातात लांब पहार घेऊन जातो. तो छत ठोकून पाहतो. खडक घट्ट असेल तर टणत्कार होतो. मागे फट पडून एखादी शिळा सुटलेली असेल तर बद्द, पोकळ आवाज येतो. त्या आवाजावरून ती शिळा पाडावयाची, की तिला आधार द्यावयाचा, की माणसे मागे घ्यावयाची, हे ठरते. भूमिगत खाणींतील प्राणघातक अपघातांत छत आणि बाजू कोसळून होणाऱ्या अपघातांचा वाटा मोठा असतो. हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पहारीच्या टोकाशी किती संसार टांगलेले असतात, याची कल्पना येईल.

हा आवाज पाठ्यपुस्तकात कसा छापणार? 'पोकळ आवाज' असे दोन शब्द छापता येतात आणि विद्यार्थी ते परीक्षेत लिहितोही. परंतु वर्षानुवर्षे रोज छत ठोकणाऱ्या मेटच्या कानात जे भरलेले असते, ते त्या दोन शब्दांत नसते. ते त्याच्याजवळ उभे राहून, त्याने ठोकलेले ऐकून, मग स्वतः ठोकून आणि चुकल्यावर त्याच्याकडून सुधारून घेऊनच शिकता येते. गवयाच्या घरी शिष्याचा कान जसा तयार होतो, तसा हा कान तयार होतो. आणि उद्या हाच विद्यार्थी अधिकारी होऊन येणार असतो. पाळीच्या नोंदवहीत 'छत सुरक्षित' अशी सही करण्याची वेळ येईल तेव्हा त्याच्या सहीवर विसंबून माणसे आत जातील. ती सही करणारा हात शिकलेला असावा हे खरेच, पण कानही शिकलेला असावा, एवढीच या माणसांची अपेक्षा असते.

मग प्रत्येक गोष्ट अनुभवी माणसाकडूनच का शिकू नये, असे कोणी विचारील. त्याचे उत्तरही त्याच छतात आहे. पोकळ आवाज का येतो, हे मेटला ठाऊक असेलच असे नाही. सुटलेली शिळा पातळ फळीप्रमाणे कंप पावते आणि म्हणून तिचा नाद वेगळा उमटतो, हे प्राध्यापक सांगेल. त्याहून महत्त्वाची गोष्टही तोच सांगेल. सुटलेला थर फार जाड असला तर वरची फट पहारीच्या ठोक्याला कळतच नाही. छत टणत्कार करीत राहते आणि तरीही कोसळू शकते. अशा ठिकाणी छतात भोक पाडून, थर किती सरकला हे दाखविणारी साधने बसवावी लागतात. कान जिथे संपतो तिथे शास्त्र सुरू होते, आणि शास्त्राला जिथे क्षणाचीही सवड मिळत नाही तिथे कान कामी येतो. ही सीमा ज्याला ओळखता येते तो अभियंता. ती ओळखावयास शिकविण्यासाठी वर्गात दोघेही पाहिजेत.

अनुभवाला शास्त्राची गरज किती असते, याचे आणखी एक उदाहरण याच धंद्यातले आहे. ग्लासगोजवळ मँगनीजचे खनिज दळणाऱ्या काही कामगारांची चाल बिघडते, त्यांचे स्नायू दुर्बळ होतात, हे जॉन कूपर या डॉक्टरने १८३७ मध्ये नोंदविले. मँगनीजची धूळ दीर्घकाळ शरीरात गेली तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो, हे ज्ञान तिथून पुढे वाढत गेले. खडकात कोरडी भोके पाडताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात, हेही असेच शास्त्राने सांगितले आणि मग पाण्याचा मारा करीत भोके पाडण्याची पद्धत आली. जुना वाकबगार माणूस यातले काही सांगू शकला नसता. धूळ तर रोजचीच, तिला काय घाबरावयाचे, असेच तो म्हणाला असता. ज्याला धंद्यात तीस वर्षे झाली त्याच्याजवळ तीस वर्षांचे शहाणपण असते आणि तीस वर्षांच्या सवयीही असतात. विद्यापीठाने त्याला बोलवावे ते या दोहोंतील फरक विद्यार्थ्यांसमोर स्पष्ट व्हावा म्हणून.

श्रोतेहो, उद्योग आणि विद्या यांची ही भेट आपल्याकडे नवी आहे असे समजण्याचे कारण नाही. किंबहुना आपले अभियांत्रिकी शिक्षण कामाच्या शेजारीच जन्माला आले. गंगेच्या कालव्याचे काम चालू असताना त्यासाठी माणसे हवीत म्हणून १८४७ मध्ये रुरकीचे महाविद्यालय निघाले. सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालचे लोक मिळावेत म्हणून १८५४ मध्ये पुण्यास अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. त्याच पुण्याच्या महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. १८८७ मध्ये मुंबईत निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटच्या मागे तेथील गिरण्यांची गरज होती. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तोही कापड आणि रंग यांच्या धंद्याशी नाते ठेवूनच. पुढे विद्यापीठांचा पसारा वाढला, परीक्षा वाढल्या, महाविद्यालये शेकड्यांनी निघाली आणि वर्गाची खिडकी हळूहळू बंद होत गेली. शिकविणारा प्राध्यापक स्वतः एकदाही कारखान्यात न राहता प्राध्यापक होऊ लागला. दोष त्याचा नव्हता. नेमणुकीच्या अटींत पदव्या होत्या, अनुभव नव्हता.

परदेशांतील काही देशांनी ही खिडकी बंद होऊ दिली नाही. जर्मनीत फ्रायबर्ग येथे १७६५ मध्ये खाणविद्येची अकादमी स्थापन झाली आणि आजही तिच्याजवळ शिकविण्यासाठी राखलेली स्वतःची खाण आहे. तिथला विद्यार्थी खडकाविषयी वर्गात ऐकतो आणि तोच खडक जमिनीखाली जाऊन पाहतो. त्याच देशातील उपयोजित विद्यांच्या विद्यालयांत प्राध्यापक व्हावयाचे तर साधारणतः पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो, आणि त्यातील किमान तीन वर्षे उच्च शिक्षणाच्या संस्थेबाहेरची असावी लागतात. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये काही काळ वर्गात, काही काळ कारखान्यात अशी आळीपाळीची शिक्षणपद्धती सुरू केली. आपल्याकडे पिलानीच्या संस्थेने १९७३ पासून विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष उद्योगांत पाठवून त्या कामाला अभ्यासक्रमात स्थान दिले. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. तज्ज्ञ एखाद्या दिवशी येऊन व्याख्यान देऊन गेला, एवढ्यावर कोणीच समाधान मानलेले नाही.

खाणीच्या बाबतीत तर आपल्या कायद्यानेही ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. १९५२ चा खाण अधिनियम आणि त्याखाली १९६१ मध्ये झालेली धातुखाणींची विनियमावली यांनी असे ठरविले की नुसत्या पदवीवर खाणीचा व्यवस्थापक होता येणार नाही. प्रत्यक्ष खाणीतील अनुभव आणि त्यावरची वेगळी परीक्षा हवी. १९६६ च्या नियमांनी साध्या कामगारालाही प्रशिक्षणाशिवाय कामावर घेण्यास मनाई केली. म्हणजे कायद्याने मेटला आणि सुरुंग लावणाऱ्याला प्रमाणपत्र दिले, अभियंत्याकडे अनुभव मागितला, परंतु या दोघांची गाठ विद्यापीठाच्या वर्गात घालून देण्याचे काम कोणावरच सोपविले नाही. ते आता आपल्याला करावयाचे आहे.

आणि विदर्भात तर त्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. नागपुरात विश्वेश्वरय्यांचे नाव असलेली राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे आणि तिथे खाण अभियांत्रिकीची पदवी घेता येते. याच शहरात मॉईलचे मुख्य कार्यालय आहे, वेस्टर्न कोलफील्ड्सचे आहे आणि १९४८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्यूरोचेही आहे. खाणविद्या जाणणारी इतकी माणसे एकत्र असलेली शहरे आपल्या देशात थोडीच असतील. शिकविणारे आणि खाण चालविणारे एकाच शहराची हवा घेत आहेत. असे असताना एका पदवीच्या वर्गासाठी त्यांचा सहकार पुरेपूर उपयोगात यावा, ही अपेक्षा काही फार मोठी नव्हे.

२०२२ च्या सूचनांनी या सहकाराला एक दार उघडून दिले आहे. आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षांचा, विशेषतः वरिष्ठ पातळीवरचा अनुभव असलेल्या व्यक्तीला औपचारिक पदव्यांच्या अटीशिवाय प्राध्यापक म्हणून नेमता येईल. अशा नेमणुका मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक नसाव्यात, त्या मंजूर पदांहून वेगळ्या असाव्यात, आणि एकूण काळ सामान्यतः तीन व विशेष प्रसंगी चार वर्षांपर्यंतच असावा, असे त्यांत म्हटले आहे. मानधन उद्योगाने द्यावे, संस्थेने द्यावे किंवा काम मानसेवी असावे, असे तिन्ही मार्ग मोकळे ठेवले आहेत. दार चांगले आहे. परंतु त्यातून आत येणारा माणूस वर्गापर्यंत पोहोचतो की माहितीपत्रकातील छायाचित्रापर्यंतच थांबतो, हे पाहिले पाहिजे. आपल्याकडे पाहुण्याला हार घालण्याची हौस मोठी आहे. एखादा निवृत्त वरिष्ठ अधिकारी यावा, तासभर आपल्या कारकिर्दीच्या आठवणी सांगाव्यात, टाळ्या व्हाव्यात आणि अहवालात 'उद्योगाशी सहकार्य' अशी ओळ लिहिली जावी, हे सहज घडू शकते. विद्यार्थी त्या तासाला झोपत नाहीत हे खरे. पण शिकतही नाहीत.

यास्तव या उपायाला तीन अटी जोडाव्यात असे मला वाटते.

पहिली अट अशी की तज्ज्ञाकडे अभ्यासक्रमाचा एक निश्चित भाग सोपवावा आणि त्या भागाची परीक्षाही त्यानेच घ्यावी. आपल्या विद्यार्थ्याला परीक्षेत नसलेली गोष्ट कळत नाही असे नव्हे, पण तो ती मनावर घेत नाही. छताची पाहणी, सुरुंगांची आखणी, वाळूची भरणी, हवा खेळविण्याची व्यवस्था यांपैकी एखादा विषय घ्यावा, प्रत्यक्ष खाणीतील नकाशा विद्यार्थ्यापुढे ठेवावा आणि येथे तू काय करशील, असे त्याला विचारावे. उत्तराला गुण असावेत आणि ते गुण देण्याचा अधिकार ज्याने ते काम केले आहे त्याला असावा.

दुसरी अट अशी की तज्ज्ञाने प्राध्यापकाच्या जागी न शिकविता त्याच्या शेजारी शिकवावे. अध्यापकवर्गाला या योजनेविषयी भीती वाटते, आणि ती निराधार नाही. मंजूर पदे रिकामी ठेवून त्यांचे काम तात्पुरत्या तज्ज्ञांकडून उरकून घेतले जाईल, अशी ती भीती आहे. तसे झाले तर उद्योगाचा फायदा होणार नाही आणि विद्येचे मात्र नुकसान होईल. दोघे एका वर्गात असले की प्रश्नाला दोन बाजूंनी उत्तर मिळते. वाळूचेच पाहा. भरणीसाठी नदीची स्वच्छ वाळू पाण्यातून नळाने खाणीत सोडतात, असे पुस्तक सांगते. तज्ज्ञ विचारील, नदीची वाळू मिळणे कठीण झाले तर काय करावयाचे? खाणीतून निघालेला टाकाऊ दगड दळून वापरता येईल का? त्याचा कण किती बारीक असावा? पाणी त्यातून किती वेगाने निथळेल, आणि निथळले नाही तर खालच्या माणसांचे काय? इथे गणित प्राध्यापकाचे, प्रश्न तज्ज्ञाचा आणि डोके विद्यार्थ्याचे, अशी वाटणी होते. या एका प्रश्नावर सहा महिने घालविलेला विद्यार्थी खाणीत पाऊल ठेवील तेव्हा तो परका राहणार नाही.

या शेजाराचा लाभ उद्योगालाही आहे. याच बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे हिंदुस्थान कॉपरची तांब्याची खाण आहे. उघड्या खाणीत कित्येक दशके काम झाल्यावर तिथे आता भूमिगत खाणकामाकडे वळावे लागले. उघड्या खाणीत निष्णात झालेल्या माणसालाही जमिनीखाली गेल्यावर पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. म्हणजे शिकविण्यासाठी विद्यापीठात आलेला तज्ज्ञ परत जाताना काही शिकूनही जाऊ शकतो. आपल्या खाणीतले आकडे, अपघातांच्या चौकशीत कळलेल्या गोष्टी, फसलेले प्रयोग हे बाहेर सांगण्यास कंपन्या कचरतात. नावे आणि भाव खुशाल झाकावेत. पण छत कसे कोसळले, ही माहिती झाकली तर ते छत दुसऱ्या खाणीत पुन्हा कोसळते.

तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तज्ज्ञ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वरिष्ठ अधिकारी येतो. २०२२ च्या सूचनाही मुख्यतः वरिष्ठ पातळीवरील माणसांचाच विचार करतात. परंतु खाणीतले ज्ञान अधिकारपदाच्या उतरंडीप्रमाणे वाटलेले नसते. आधाराचे लाकूड कधी कण्हू लागते, कोणत्या फटीतून पाणी झिरपू लागले की सावध व्हावे, सुरुंग उडाला नाही तर किती वेळ थांबावे आणि कोणी पुढे जावे, हे मेट, फोरमन आणि सुरुंग लावणारा यांना रोज ठरवावे लागते. त्यांना प्राध्यापक हे पद देता येत नसेल तर न द्यावे. पण विद्यार्थ्यांची तुकडी उकव्याला किंवा भरवेलीला आणून चार-सहा आठवडे त्यांच्या हाताखाली ठेवता येईल. त्या काळात ते शिक्षक आहेत हे विद्यापीठाने लेखी मान्य करावे, त्यांना त्याचे मानधन द्यावे आणि विद्यार्थ्याविषयीचे त्यांचे मत गुणपत्रिकेत धरावे. सहलीप्रमाणे एक दिवस खाण पाहून, टोपी घालून छायाचित्र काढून परतणे आणि पाळीला लागून काम शिकणे यांत फार अंतर आहे.

श्रोतेहो, येथे मला एका शब्दाची आठवण होते. लुईस ली फर्मर या भूशास्त्रज्ञाने भारतातील मँगनीजच्या साठ्यांवर १९०९ मध्ये एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. मध्य प्रांतातील या खनिजाबरोबर आढळणाऱ्या एका खडकाला त्याने 'गोंडाइट' हे नाव दिले. या प्रदेशातील गोंड लोकांवरून ते दिलेले आहे. आज जगातील कोणत्याही विद्यापीठात मँगनीजचे भूशास्त्र शिकताना हा शब्द शिकावा लागतो. गोंडांचे नाव अशा रीतीने ग्रंथात गेले. पण ज्या गोंड, पोवार, मरार आणि इतर कष्टकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हा खडक फोडला, त्यांनी त्याच्याविषयी जे जाणले ते मात्र ग्रंथात गेले नाही. ते बापाकडून मुलाकडे आणि जुन्या मेटकडून नव्या मेटकडे तोंडी जात राहिले. आता यंत्रे येत आहेत, जुनी माणसे निवृत्त होत आहेत, आणि जे तोंडी होते ते सांगणाऱ्यांबरोबर संपण्याची वेळ आली आहे. विद्यापीठाने ते ऐकून, तपासून, बरोबर असेल ते ठेवून आणि चूक असेल ते सोडून लिहून घेतले, तर ती मोठी विद्यासेवा ठरेल.

या गोष्टीला आणखीही एक बाजू आहे. खाणकामगाराचा मुलगा किंवा मुलगी उद्या अभियांत्रिकीच्या वर्गात बसेल. आपल्या वडिलांनी आयुष्यभर केलेले काम हे विद्येच्या दृष्टीने मोजण्यासारखे नाही, असे त्या मुलाला वर्गात पहिल्याच दिवशी वाटले तर तो शिकेल, पण मान खाली घालून शिकेल. त्याच वर्गात एखाद्या दिवशी उकव्याचा मेट पहार घेऊन उभा राहिला आणि प्राध्यापकाने वहीत त्याचे म्हणणे टिपून घेतले, तर त्या मुलाची मान आपोआप वर होईल. अभियंता आणि कामगार यांच्यात पुढे जो विश्वास लागतो, त्याचा पाया तिथे घातला जाईल. जमिनीखाली या विश्वासावाचून काही चालत नाही. 'मागे या' असे वरून कोणी ओरडला की का, कशासाठी, असे न विचारता मागे यावे लागते.

हे सारे एकदम, सर्व विद्यापीठांत आणि सर्व विषयांत होणार नाही. व्हावे असेही मी म्हणत नाही. एक अभ्यासक्रम, एक सत्र आणि एक खाण एवढ्यावर आरंभ करता येईल. नागपूरच्या एका वर्गातील विद्यार्थी, मॉईलचे दोन अनुभवी अभियंते, उकव्याचे किंवा भरवेलीचे तीन-चार मेट आणि त्यांच्याबरोबर शिकविण्यास तयार असलेला एक प्राध्यापक, एवढी माणसे त्यासाठी पुरतात. खर्च म्हणाल तर प्रवासाचा, राहण्याचा आणि मानधनाचा. दोन राज्यांच्या सीमेचा अडथळा कोणी सांगू नये. ज्या कंपनीत दोन्ही राज्यांचे भांडवल आहे तिच्या खाणीत दोन्हीकडच्या मुलांनी शिकावे, यात गैर काय आहे?

एका सत्राच्या अखेरीस त्या वर्गाची परीक्षा घ्यावी. प्रश्नपत्रिका लेखी असावीच. पण तिच्यातील एक प्रश्न जमिनीखाली विचारावा. विद्यार्थ्याच्या हाती पहार द्यावी, त्याने छत ठोकावे, ऐकावे आणि सांगावे की माणसे आत न्यावयाची की नाहीत. शेजारी मेट आणि प्राध्यापक दोघेही उभे असावेत. दोघांचे एकमत होईल तेव्हाच त्याला उत्तीर्ण म्हणावे.